डॉ. होमी भाभा आणि कर्करुग्णांचे किरणोपचार

घारापुरीच्या लेण्यांच्या डोंगरावर उभे राहून उत्तरेच्या अंगाने पाहिले, तर खाडीपलीकडे तुर्भ्याची, म्हणजेच ट्रॉम्बेची, टेकडी आणि तिच्या पायथ्याशी अणुसंशोधन केंद्राच्या इमारती दिसतात. उरण-मोऱ्याच्या बाजूने लाँचने मुंबईस जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांनीही हा परिसर उभा राहताना पाहिला. तेथे काय चालते याविषयी आपल्या किनाऱ्यावर पूर्वीपासून दबक्या आवाजात बोलले जाते आणि बोलणे बहुधा बॉम्बवर येऊन थांबते. त्याच घरात एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला कर्करोग झाल्याचे निदान होते, परळच्या रुग्णालयात 'लाईट घ्यावी लागेल' किंवा 'शेक घ्यावा लागेल' असे सांगितले जाते, आणि मग ज्या किरणांची इतकी वर्षे भीती बाळगली ती आपल्याच माणसाच्या अंगावर सोडायची कशी, या विचाराने सारे घर हादरते. खाडीकाठची ती अणुभट्टी आणि परळचे ते रुग्णालय यांना एका सूत्रात गुंफणारे पुरुष म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा होत. त्यांची ओळख आपणास अणुशास्त्रज्ञ म्हणून आहे. कर्करुग्णांशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही, म्हणून त्या अंगाने त्यांचे चरित्र येथे मांडण्याचे योजिले आहे.

डॉ. भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आजोबा होरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते आणि नातवाचे नाव त्यांच्यावरूनच ठेवले गेले. घरात ग्रंथसंग्रह मोठा, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्याही पुष्कळ. होमींची आत्या मेहरबाई ही जमशेदजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा यांची पत्नी. त्यामुळे टाटांच्या एस्प्लनेड हाऊसमध्ये या मुलाचे जाणे-येणे असे, आणि पोलाद, वीज, विज्ञानसंस्था अशा थोर उद्योगांच्या गोष्टी लहान वयातच त्याच्या कानावर पडत.

या आत्याबाईंची हकिकत येथे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व कथेचे मूळ तिच्यात आहे. मेहरबाई टाटा यांच्याकडे 'ज्युबिली' नावाचा हिरा होता. वजन 245 कॅरेटहून अधिक, म्हणजे आज इंग्लंडच्या राजमुकुटात असलेल्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. आपल्या समाजातील जव्हेरी मंडळींना या आकड्याचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. 1924 साली टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला आणि कामगारांच्या पगारालाही पैसा उरला नाही, तेव्हा दोराबजींनी आपली सर्व खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेत गहाण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले. त्या मालमत्तेत हा हिराही होता. कारखाना तरला, हिरा सोडवून आणला गेला. परंतु 1931 च्या जून महिन्यात मेहरबाईंना वेल्समधील एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू आला. वय अवघे 51 वर्षे. हाती अमाप द्रव्य असूनही दोराबजी पत्नीस वाचवू शकले नाहीत. त्यांनी आपले बहुतेक सर्व धन विश्वस्त निधीस अर्पण केले, तसेच पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निराळा निधी उभारला. 1932 च्या जूनमध्ये पत्नीच्या समाधीच्या दर्शनास निघाले असता जर्मनीत त्यांचेही निधन झाले. पुढे तो हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम निधीत जमा झाली. त्याच सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या द्रव्यातून परळ येथे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आरंभी खाटा 80 होत्या. आज रायगडच्या गावोगावी ज्याला नुसते 'टाटा' म्हणतात ते हेच रुग्णालय.

आत्या निवर्तली तेव्हा होमी केंब्रिजमध्ये शिकत होते. त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेऊन जमशेदपूरच्या कारखान्यात यावे, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात होते. 1930 साली अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांचा शब्द राखला आणि मगच गणित व भौतिकशास्त्राकडे वळले. 1935 साली इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे त्यांनी केलेले गणित आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती त्यांनी हाइटलर या शास्त्रज्ञासमवेत 1937 साली मांडली. 1939 साली ते सुटीसाठी मायदेशी आले, युरोपात महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते अध्यापन करू लागले. 1941 साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले, त्या वेळी ते 31 वर्षांचे होते.

मार्च 1944 मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची योजना सादर केली. अणुशक्तीचा उपयोग पुढे होईल तेव्हा देशाला परकीय तज्ज्ञांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा तिचा आशय होता. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की हिरोशिमावर बॉम्ब पडण्यापूर्वी सुमारे दीड वर्ष हे पत्र लिहिले गेले. विश्वस्तांनी होकार दिला आणि 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. मुंबईतील तिचे पहिले बिऱ्हाड पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात होते. आत्याच्या स्मृतीतून उभे राहिलेले रुग्णालय आणि भाच्याची विज्ञानसंस्था, दोन्हींचा खर्च एकाच धर्मादाय निधीने उचलला. विश्वस्त म्हणून काम करणाऱ्यांनी हा योग मनात ठेवावा असे प्रस्तुत लेखकास वाटते. निधी देताना या दोन कार्यांचा एकमेकांशी काही संबंध येईल, हे त्या विश्वस्तांना बहुधा स्वप्नातही ठाऊक नसावे.

स्वातंत्र्यानंतर 1948 साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि डॉ. भाभा त्याचे अध्यक्ष झाले. 1954 मध्ये तुर्भे येथील संस्थेचे काम सुरू झाले. 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडातील ती पहिली अणुभट्टी होय. इंधन इंग्लंडहून आले होते, बांधणी मात्र भारतीय अभियंत्यांची. स्वच्छ पाण्याच्या खोल हौदात तिचा गाभा बुडविलेला असे व त्यातून निळसर प्रभा फाके. तिला अप्सरा हे नाव पंडित नेहरूंनी दिले. 1960 साली कॅनडाच्या साहाय्याने 'सायरस' ही मोठी अणुभट्टी सुरू झाली.

अणुभट्टी म्हटली की वीज किंवा बॉम्ब, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु या भट्ट्यांतून औषधोपचारास लागणारी किरणोत्सारी द्रव्येही तयार होतात. साधा कोबाल्ट धातू भट्टीत ठेवला म्हणजे त्याचे अणू एकेक न्यूट्रॉन गिळतात आणि कोबाल्ट-60 तयार होतो. त्यातून प्रखर गॅमा किरण सतत बाहेर पडत राहतात. साधारण सव्वापाच वर्षांनी त्याची शक्ती निम्मी होते, म्हणून रुग्णालयातील कोबाल्ट काही वर्षांनी बदलावा लागतो. थायरॉईडच्या रोगावर देण्यात येणारे किरणोत्सारी आयोडीन तर आठ दिवसांतच निम्मे होते. ते परदेशातून मागवून साठवून ठेवणे परवडणारे नाही, ते देशातच, वेळच्या वेळी तयार व्हावे लागते. डॉ. भाभांचे या अंगाकडे आरंभापासून लक्ष होते. 1963 साली त्यांच्याच कारकिर्दीत परळ येथे किरण-वैद्यक केंद्र सुरू झाले, तेथे अशा द्रव्यांच्या साहाय्याने निदान व उपचार होऊ लागले.

दरम्यान टाटा रुग्णालयाचा भार 1957 साली तात्पुरता केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेला होता. रुग्णालय आरोग्य खात्याकडे असावे यात नवल काहीच नव्हते. परंतु जे. आर. डी. टाटा आणि डॉ. भाभा यांनी निराळा विचार केला. कर्करोगाचे निदान, त्याचा विस्तार मोजणे आणि प्रत्यक्ष उपचार या तिन्हींत किरणांचे महत्त्व वाढत जाणार, तेव्हा किरणांचे शास्त्र जेथे आहे त्या खात्याशीच हे रुग्णालय जोडलेले असावे, हे त्यांनी ओळखले. त्याप्रमाणे 1962 साली रुग्णालयाचे प्रशासन अणुऊर्जा विभागाकडे आले. मेहरबाईंच्या स्मृतीचे रुग्णालय अशा रीतीने त्यांच्या भाच्याच्या हाताखाली आले. प्रस्तुत लेखकाच्या मते डॉ. भाभांच्या सर्व निर्णयांत सामान्य माणसाच्या घरापर्यंत सर्वांत खोल पोहोचलेला निर्णय हाच.

येथे चरित्राचा धागा थोडा बाजूस ठेवून हे किरण शरीरात नेमके काय करतात ते पाहू, कारण वाचकांपैकी कित्येकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. सर्व प्रकारच्या कर्करुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना उपचारांच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचार लागतात. पेशीच्या केंद्रात तिच्या वाढीची सारी आज्ञा ज्या धाग्यावर लिहिलेली असते, तो धागा हे किरण तोडतात. धागा तुटलेली पेशी विभागू शकत नाही व कालांतराने मरते. निरोगी पेशींवरही किरण पडतातच, परंतु त्यांना आपला तुटलेला धागा सांधण्याची कला चांगली अवगत असते. कर्करोगाच्या पेशी या कामात कच्च्या असतात. म्हणूनच सारी मात्रा एका दिवशी न देता थोडी थोडी दिली जाते. मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सात आठवडे चालून 70 ग्रेपर्यंत मात्रा पुरी होते. स्तनाच्या कर्करोगात आता पुष्कळदा तीन आठवड्यांतही काम होते. हाडात पसरलेल्या रोगाची वेदना कमी करण्यासाठी काही वेळा एकच मात्रा पुरते. 'शेक' हा शब्द रूढ असला तरी येथे चटका बसत नाही, भाजत नाही, किरण जाताना काहीच जाणवत नाही. उपचाराची वेळ काही मिनिटांची असते. रुग्ण खोलीत एकटा असतो, पण बाहेर बसलेले तंत्रज्ञ त्याला पडद्यावर पाहत असतात व त्याच्याशी बोलूही शकतात.

किरणे देण्याचे प्रकार तीन, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात. पहिल्यात यंत्र शरीराबाहेर असते. कोबाल्टचे यंत्र असो वा विजेवर चालणारे आधुनिक प्रवेगक यंत्र असो, किरण शरीरातून जातात आणि संपतात. दिवा मालवला की खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसेच हे. अशा रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. तो घरी येऊन नातवाला मांडीवर घेऊ शकतो, सर्वांच्या पंगतीस बसू शकतो. तरीही काही घरांत किरणे घेऊन आलेल्या माणसाचे ताट-वाटी वेगळी काढली जाते, सुनेला व मुलांना दूर ठेवले जाते. रोगापेक्षा ही वागणूकच त्या जिवाला अधिक झोंबते. दुसऱ्या प्रकारात किरणांचा स्रोत काही वेळ शरीराच्या आत ठेवतात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा उपचार महत्त्वाचा आहे. सामान्यतः स्रोत काढून घेतला की रुग्णापासून इतरांस भय नसते. तिसरा प्रकार आयोडीनसारखे द्रव्य पोटात देण्याचा. येथे मात्र काही दिवस खरोखर अंतर पाळावे लागते, विशेषतः लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून, आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतात.

त्रास होतच नाही असे मात्र नाही. किरण पडलेल्या जागी कातडी काळवंडते, तोंडाला किरणे दिली तर तोंड येते, लाळ आटते, गिळणे अवघड होते, थकवा फार येतो. केस जातात ते किरण पडलेल्या भागाचेच. यांतील पुष्कळसे त्रास उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतात, लाळ कमी होणे यासारखे काही दीर्घकाळ राहतात.

उपचारात खंड पडणे सर्वांत वाईट. चार दिवस किरणे चुकली की उरलेल्या कर्कपेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद असते, पेण-पनवेलमार्गे रोजचे जाणे-येणे रुग्णास झेपत नाही, त्यामुळे रुग्णालयाजवळ राहण्याची सोय उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी. आपल्या समाजात आणखी एक प्रश्न येतो, तो व्रतांचा. पर्युषणात उपचार थांबवावेत काय, आयंबिल किंवा उपवास करावा काय, चोविहार पाळावा काय, असे रुग्ण संकोचाने विचारतात, किंवा विचारतच नाहीत आणि मनाने उपवास करून मोकळे होतात. घशाच्या किरणोपचारात रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा साचा तयार केलेला असतो व त्यावरील खुणांवर किरणांचा नेम धरलेला असतो. वजन घटले की साचा सैल होतो, नेम चुकतो आणि सारी आखणी पुन्हा करावी लागते. शिवाय निरोगी पेशींना धागा सांधण्यासाठी अन्न व पाणी दोन्ही हवे असते. तेव्हा आपला नियम डॉक्टरांस व आहारतज्ज्ञांस मोकळेपणाने सांगावा, आणि उपचारकाळात कशाची सूट घ्यावी याविषयी गुरुमहाराजांचेही मार्गदर्शन घ्यावे. अंडी खाल्ल्यावाचून शक्ती येत नाही हा समज खरा नाही. डाळी, दूध, पनीर, शेंगदाणे यांतूनही प्रथिने मिळतात.

पुन्हा डॉ. भाभांकडे वळू. ज्या सायरस अणुभट्टीतून औषधी द्रव्ये तयार झाली, तिच्यातच निर्माण झालेले प्लुटोनियम 1974 च्या पोखरण येथील अणुस्फोटात वापरले गेले. त्या वेळी डॉ. भाभा हयात नव्हते, परंतु देशास ते सामर्थ्य असावे असे त्यांचे मत होते हेही खरे. 1955 साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावर भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविणारे आणि 1964 च्या चिनी स्फोटानंतर भारतही असे अस्त्र करू शकेल असे जाहीरपणे सांगणारे गृहस्थ एकच होते. अहिंसेस परमधर्म मानणाऱ्या आपल्या समाजास ही गोष्ट सहज पचणारी नाही, आणि ती झाकून त्यांचे चरित्र सांगणेही प्रामाणिकपणाचे नाही.

व्यक्ती म्हणून ते रसिक होते. उत्तम चित्रे काढीत, संगीताचे जाणकार होते, उद्यानरचनेत स्वतः लक्ष घालीत. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी ते मुळासकट हलवून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. नव्या चित्रकारांची चित्रे संस्थेसाठी विकत घेऊन त्यांनी कुलाब्याच्या संस्थेच्या भिंती सजविल्या. ते आजन्म अविवाहित राहिले.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जात असता त्यांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां शिखरावर कोसळले आणि वयाच्या 56 व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी टाटा रुग्णालय आणि 1952 साली स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र तयार झाले. 1967 मध्ये तुर्भ्याच्या संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

पुढे या केंद्राचा विस्तार आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील खारघर येथे झाला. तुर्भ्याच्या अभियंत्यांनी टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने कोबाल्टचे स्वदेशी उपचारयंत्र तयार केले. परदेशी यंत्रे महाग पडत, त्यांची दुरुस्तीही परस्वाधीन असे. या यंत्राचे नाव 'भाभाट्रॉन'. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यातील पहिले यंत्र खारघर येथे रुग्णांच्या सेवेत रुजू झाले, नंतर देशातील अनेक रुग्णालयांत आणि व्हिएतनामसारख्या देशांतही ते पोहोचले. 2023 पासून खारघरलाच प्रोटॉन किरणांचे उपचारही सुरू झाले आहेत. हे किरण शरीरात ठराविक खोलीवर जाऊन थांबतात, त्यामुळे मेंदू, डोळा किंवा मणका यांच्या लगतच्या गाठींसाठी आणि लहान मुलांसाठी ते विशेष उपयोगी पडतात.